नावाविना छायाचित्र : घरी घडविलेल्या छायाचित्रग्रंथांविषयी

पुस्तक काढणे ही आपल्याकडे एके काळी खर्चाची आणि खटाटोपाची गोष्ट होती. छापखान्यातील जुळारी एकेक खिळा उचलून ओळी जुळवी. छायाचित्र छापावयाचे तर त्याचा ब्लॉक स्वतंत्रपणे करून घ्यावा लागे आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागत. त्यामुळे एखाद्या धर्मग्रामाने रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली, तरी तीत छायाचित्रे मोजकीच असत. १९८५ साली आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणले आणि पानाची मांडणी संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या साधनांनी मराठी अक्षरे त्या पडद्यावर आणली आणि तालुक्या-तालुक्याला डीटीपी केंद्रे उघडली. पुढे १९९९ साली ॲडोबीचे इनडिझाइन आले. स्क्रायबससारखे विनामूल्य साधनही आज उपलब्ध आहे. घरच्या टेबलावर पाने जुळवावीत, पीडीएफ तयार करावी आणि डिजिटल छापखान्यातून हव्या तेवढ्या, अगदी एकच प्रतसुद्धा, छापून घ्यावी, हे आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे.

अशी पुस्तके आपल्या घरांतून दिसू लागली आहेत. आजोबांच्या नव्वदीनिमित्त, आईवडिलांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, मुलाच्या गुरुदीक्षेनिमित्त ती निघतात. ती दुकानात विकली जात नाहीत, वाचनालयातही क्वचितच पोहोचतात. साहित्याच्या पानांवर त्यांचे परीक्षण होत नाही. कौतुक मात्र भरपूर होते. ‘किती सुंदर काढले आहे!’ असे म्हणून पाहुणे पुस्तक मिटतात. त्या सौंदर्याच्या आड काय राहून जाते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. कारण ज्या कुटुंबांचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे एक पुस्तक कदाचित एकमेव ग्रंथ ठरणार आहे.

छायाचित्रग्रंथाचा जन्मच मुळी घरात झाला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ॲना ॲटकिन्स या इंग्रज महिलेने १८४३ साली समुद्रशैवालांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढावयास प्रारंभ केला. छायाचित्रांनी सजलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून त्याची गणना होते. जॉन हर्शेल यांनी आदल्याच वर्षी शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीने त्यांनी प्रत्येक पान सूर्यप्रकाशात निळ्या रंगात उमटविले. हे काम तब्बल दहा वर्षे चालले. प्रती थोड्याच निघाल्या आणि त्या परिचितांना व विद्वत्संस्थांना भेट म्हणून गेल्या. पुस्तकातील मजकूरही हस्ताक्षरातच, त्याच पद्धतीने उमटविलेला आहे. मात्र या घरगुती पुस्तकात एक शिस्त कटाक्षाने पाळलेली आढळते. प्रत्येक शैवालाखाली त्याचे शास्त्रीय नाव आहे. ते नाव नसते, तर ती केवळ निळ्या कागदावरील पांढरी नक्षी झाली असती. नावामुळे ती नोंद झाली, आणि नोंदीमुळे ग्रंथ झाला.

पाण्यातल्या वनस्पतीला मिळालेला हा मान आपल्या देशातील माणसांना मात्र मिळाला नाही. मुंबईत छायाचित्रण करणाऱ्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या रहिवाशांच्या जातिजमातींविषयीचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. आपल्या प्रांतातील माणसांच्या छायाचित्रांचे हे आरंभीचे एक महत्त्वाचे पुस्तक होय. त्यातील बहुतेक चित्रांची ओळख जातीच्या किंवा व्यवसायाच्या नावाने दिलेली आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्यात नाही. आणखी एक गोष्ट जाणकारांनी दाखवून दिली आहे. यातील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एका ठिकाणी टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून बसविला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा, साडेचारशेहून अधिक छायाचित्रांचा प्रचंड ग्रंथ सरकारी आश्रयाने निघाला. त्याचीही दृष्टी मुख्यतः तीच : माणूस म्हणजे एका गटाचा नमुना. छायाचित्र घेणाऱ्याच्या हाती सत्ता होती आणि ज्याचे छायाचित्र घेतले, त्याला आपले नाव सांगण्यास जागा नव्हती.

जॉन्सन यांच्या ग्रंथातील दोन दोष, म्हणजे नावाचा अभाव आणि उसना देखावा, दीडशे वर्षांनंतर आपण आपल्याच हाताने आपल्या पुस्तकांत आणावेत, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. लग्नाचा ‘करिझ्मा अल्बम’ आता आपल्या घराघरांत आहे. जाड, न दुमडणारी पाने, दोन पानांवर पसरलेले एकसंध चित्र, चकचकीत वेष्टन. त्यात वधूवर बर्फाच्छादित डोंगरापुढे उभे असतात, ढगांतून तरंगतात, किंवा कधीही न पाहिलेल्या परदेशी किल्ल्याच्या पायऱ्या उतरतात. ज्या देवळात त्यांनी एकमेकांना शब्द दिला, त्या देवळाची वेदी मात्र कोपऱ्यातल्या लहानशा वर्तुळात सापडते. मंडपासाठी ज्यांनी रात्रभर खांब रोवले, ज्यांनी पंगतीचा स्वयंपाक रांधला, ती माणसे अल्बमात असलीच तर कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारी. संपूर्ण अल्बमात अक्षरे म्हणून वधूवरांची नावे, तारीख आणि प्रेमाविषयीचे एखादे इंग्रजी वाक्य, एवढीच. पंचवीस वर्षांनी त्यांची मुले तो उघडतील तेव्हा विचारतील, ‘आईच्या शेजारी बसलेली ही म्हातारी कोण?’ आणि सांगणारे कोणी उरले नसेल.

यावर कोणी म्हणेल की हा दोष स्टुडिओवाल्याचा. आपण स्वतः पाने जुळविली तर असे होणार नाही. अनुभव तसा नाही. घरी तयार केलेल्या पुस्तकांतही तीच तयार नमुन्यांची भाषा शिरते. संगणकातील तयार आराखड्यात प्रत्येक पानावर चार-पाच चौकटी असतात आणि त्या भरल्याच पाहिजेत असे करणाऱ्यास वाटते. चौकटी चित्रांच्या असतात, ओळींच्या नसतात. मग एकाच प्रसंगाची सात छायाचित्रे येतात आणि सातांपैकी एकाखालीही ओळ येत नाही. मागे फुलांची नक्षी, कडेला सोनेरी वेल, चित्रांना सावल्या, अक्षरांना पाच रंग. साधन हाताशी आहे म्हणून ते वापरावयाचे, ही वृत्ती जुन्या लग्नपत्रिकांतूनही दिसे. तिला आता दोनशे पाने मिळाली आहेत.

धर्मग्रामाच्या स्मरणिकांचा प्रकार निराळा. तेथे नावे असतात, परंतु ती मानाच्या उतरत्या क्रमाने असतात. महागुरूंचे पूर्ण पान, प्रमुख धर्मगुरूंचे अर्धे, समितीच्या पदाधिकाऱ्यांची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे नावांसह, आणि त्यानंतर ‘मेळाव्यास उपस्थित भाविक’ अशी एक ओळ. महागुरूंच्या सन्मानाबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. पण त्यांचे नाव धर्मप्रांताच्या दप्तरात कायमचे नोंदलेले आहे. स्मरणिकेत नसते तरी ते हरवले नसते. देऊळ बांधताना डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रीचे नाव त्या स्मरणिकेवाचून दुसरीकडे कोठेच येणार नव्हते. मिशनच्या जुन्या छायाचित्रांतही बहुधा हेच होई. मधोमध बसलेल्या परदेशी फादरांचे नाव पाठीमागे लिहिलेले, आणि भोवतीच्या तीस जणांसाठी ‘शाळेतील मुले’ हे दोन शब्द. त्या फादरांना आपण दोष देऊ नये. ती छायाचित्रे दूरदेशीच्या उपकारकर्त्यांसाठी होती. परंतु आपली पुस्तके आपल्यासाठी आहेत. त्यांत आपणच आपल्याला ‘उपस्थित भाविक’ म्हणावे काय?

हा प्रश्न मराठवाड्यात अधिक टोकदार होतो. वसईसारख्या जुन्या, दाट वस्तीच्या ख्रिस्ती समाजाजवळ शतकांच्या नोंदी आहेत, नियतकालिके आहेत, लेखक आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे फ्रान्सलियन धर्मगुरूंनी घोगरगावसारख्या ठिकाणी राहून काम केले, आणि परभणी जिल्हा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. समाज लहान, विखुरलेला आणि बव्हंशी कष्टकरी. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतर कामाच्या शोधाने कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली. अशा घराचा लिखित इतिहास म्हणजे स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील एक ओळ, शाळेचा दाखला, आणि पत्र्याच्या पेटीतील आठ-दहा छायाचित्रे.

जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. तेथे राहिलेल्या एखाद्या कुटुंबातील नात आज पुण्यात नोकरीस आहे आणि तिला आजीचे पुस्तक काढावयाचे आहे, अशी कल्पना करू. तिच्याजवळ संगणक आहे, पेटीतील छायाचित्रे आहेत, आणि सुदैवाने आजीही आहे. या तिन्हींमध्ये सर्वांत लवकर हातातून जाणारी गोष्ट कोणती, हे सांगावयास नको. म्हणून पुस्तकाचा आरंभ संगणकापासून करू नये. छायाचित्रे आजीपुढे मांडावीत, आणि प्रत्येकातील माणसे डावीकडून उजवीकडे विचारून वहीत लिहावीत. नाव, नाते, गाव, अंदाजे साल. ‘हिचे लग्न झाले त्याच्या आदल्या सुगीत’ असे साल मिळाले तर तेही तसेच लिहावे. स्त्रियांची नावे विशेष काळजीने विचारावीत. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर समाधान मानू नये. तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि स्नानसंस्काराचे नाव ही तीन वेगळी असू शकतात. जे ओळखू येत नाहीत त्यांना कापून टाकू नये. ‘ओळख पटली नाही’ असे छापावे. पुस्तक दहा नातलगांच्या घरी जाईल तेव्हा एखादी मावशी त्यावर बोट ठेवून नाव सांगेल.

यानंतर कारागिरीचा भाग येतो. त्याकडेही समीक्षकाने दुर्लक्ष करू नये, कारण कारागिरीतील हयगय शेवटी त्या माणसांच्याच चेहऱ्यांवर उमटते. अडीच बाय साडेतीन इंचांचे जुने छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन केले, तर १५०० गुणिले २१०० पिक्सेल मिळतात. छपाईला ३०० डीपीआय धरले तर ते पाच बाय सात इंचांपर्यंत स्वच्छ छापता येते. त्यापेक्षा मोठे करण्याचा मोह टाळावा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आपोआप लहान होते. पडद्यावर ते उत्तम दिसते, पण आठ बाय दहा इंचांच्या पूर्ण पानाला २४०० गुणिले ३००० पिक्सेल लागतात. तेथे ते पुरत नाही आणि आजोबांच्या डोळ्यांच्या जागी नुसते डाग उरतात. मूळ छायाचित्र डाकेने मागवावे, नाहीतर मूळ फाइल मागवावी. जुन्या चित्रातील घडीची रेघ पुसली तरी चालेल. पण त्वचा उजळ करणे, सुरकुत्या घालविणे, फाटका सदरा दुरुस्त करणे, हे जॉन्सन यांच्या उसन्या देखाव्याचेच आजचे रूप होय. आजी उन्हात राबली, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे आणि तो मजकूर खोडण्याचा अधिकार नातीला नाही.

मराठी अक्षरांची अडचण स्वतंत्र आहे. जुन्या डीटीपी केंद्रांत जुळविलेला मजकूर त्या-त्या फॉन्टच्या खास संकेतांत बांधलेला असे. तो फॉन्ट नसेल तर मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. १९९० च्या दशकातील कित्येक स्मरणिकांच्या फाइली अशाच मुक्या होऊन पडल्या आहेत. म्हणून आजचे पुस्तक युनिकोडमध्येच जुळवावे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मांडणीसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी बसते आणि जोडाक्षरे फुटतात. ‘ख्रिस्त’ हा शब्दच तुटलेला छापून आलेले पुस्तक पाहणे क्लेशदायक असते. छपाईपूर्वी कागदावर प्रूफ काढून एका जाणत्या माणसाकडून, आणि नावांपुरते आजीकडून, ते तपासून घ्यावे.

पानांची मांडणी साधी असावी. एका पानावर एक किंवा दोन छायाचित्रे, खाली ओळ, भोवती मोकळी जागा. दोन पानांवर पसरलेले समूहचित्र टाळावे, कारण शिवणीच्या घडीत नेमका कोणाचा तरी चेहरा जातो. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यावयाचे असेल तर कापणीसाठी चहूकडे तीन मिलिमीटर अधिक सोडावे. पडद्यावरील झगझगीत निळे-हिरवे रंग चार शाईंच्या छपाईत मंद होतात, हे आधीच जाणून घ्यावे. कृष्णधवल छायाचित्रांना बळेच रंग देऊ नयेत. मधोमध पिना मारावयाच्या असतील तर पानांची संख्या चाराच्या पटीत हवी. पुस्तक जाड असेल तर दोऱ्याची शिलाई मागावी. गुळगुळीत आर्ट पेपरवर नुसत्या डिंकाचे बाइंडिंग फार काळ टिकत नाही, पाने सुटी होतात. या गोष्टींना तयार नमुन्यांपेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत. त्यांना विचार पडतो.

आता एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. घरच्या माणसांनी हौसेने केलेल्या आठवणींच्या पुस्तकाला समीक्षेचे एवढे कडक निकष कशाला? त्यात आनंद आहे, प्रेम आहे, तेवढे पुरे नाही काय? प्रेमाविषयी शंका नाही. परंतु प्रेमालाही निवड करावी लागते, आणि निवडीत पक्षपात शिरतो. ज्या भावाशी जमिनीवरून वाद झाला, त्याचे छायाचित्र येत नाही. घर सोडून गेलेली सून कात्रीने नव्हे तर माउसने कापली जाते, आणि तिच्या जागी मागची भिंत इतकी बेमालूम भरून येते की कोणी तेथे उभे होते याचा मागमूस राहत नाही. जुन्या अल्बमात निदान कापलेली कड दिसे. नव्या साधनाने कडही पुसली. उलट बाजूही आहे : एखाद्या व्यक्तीला आपला दुःखाचा काळ चारचौघांत नको असेल, तर तिचा शब्द मानला पाहिजे. जिवंत माणसांची संमती घ्यावी. जे गेले त्यांच्याशी न्यायाने वागावे. काय ठेवले आणि काय गाळले याची दोन ओळींची प्रांजळ नोंद प्रस्तावनेत असली, तर पुस्तकाची किंमत वाढते.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा प्रारंभ आपल्याला परिचित आहे. नाताळच्या दिवसांत तो वाचला जातो तेव्हा आपले लक्ष थोडे भरकटते, कारण ती नावांची लांबच लांब यादी आहे. पण शुभवर्तमानकाराने आपले पुस्तक कुटुंबाच्या नावांनीच उघडावे, याला अर्थ आहे. त्या यादीत केवळ राजे नाहीत. तामार आहे, राहाब आहे, परकी रूथ आहे. कोणत्याही घराण्याने अल्बमातून सहज गाळली असती अशी ही माणसे तारणाच्या इतिहासात नावानिशी उभी आहेत. आणि दाविदाचे पाप उरीयाच्या पत्नीच्या उल्लेखातून उघडे ठेवलेले आहे. तिचे स्वतःचे नाव मात्र तेथेही आलेले नाही. ती पतीच्या नावाने ओळखली जाते. आपल्या पेटीतल्या कितीतरी स्त्रियांची स्थिती अशीच आहे.

स्नानसंस्काराच्या वेळी ख्रिस्तसभा प्रथम नावच विचारते. आपला मेंढपाळही मेंढरांना नावाने हाक मारणारा आहे, अशी आपली श्रद्धा आहे. ज्या समाजाची श्रद्धा नावाशी अशी बांधलेली आहे, त्याने घडविलेल्या पुस्तकांत माणसे निनावी राहावीत हे शोभत नाही. म्हणून ज्या तरुण-तरुणींनी ही साधने आत्मसात केली आहेत, त्यांना आग्रहाची विनंती आहे. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पेटी उघडा, आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. पुस्तक यंदा निघो वा दोन वर्षांनी. निघेल तेव्हा एक प्रत घरी, एक धर्मग्रामाच्या कार्यालयात आणि एक जवळच्या वाचनालयात ठेवा. छापखाना उद्याही असेल. नावे सांगणारी माणसे उद्या असतीलच असे नाही.